चिरेबंदी घराच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा का?

गुहागरजवळचे आपले आजोळचे चिरेबंदी घर शंभरेक वर्षांचे आहे, दर पावसाळ्यात माजघराच्या भिंतींना ओल येते, आणि गवंडी सिमेंटचा गिलावा करून कौलांच्या जागी स्लॅब टाकायला सांगतो. तसे करावे का, असे आपण विचारले आहे. कृपया करू नका. स्वतःच्या घराची हानी करून बसल्यावर मी हे सांगत आहे.

दापोली तालुक्यातील आमच्या घरी २०११ साली आम्ही सिमेंटचा गिलावा करून घेतला. पहिल्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली. तिसऱ्या पावसाळ्यात तिच्यावर बोटाने ठोकले की पोकळ आवाज येऊ लागला, आणि छिन्नीने एक कोपरा उचकटताच हातभर पोपडा अखंड सुटून खाली आला. मागचा चिरा इतका ओला होता की नखाने खरवडला तरी तांबडी भुकटी निघत होती, आणि पोपड्याच्या पाठीवर क्षारांची पांढरी लव जमली होती. जांभा, म्हणजे चिऱ्यांचा तांबडा सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि ऊन पडले की ते सोडतो. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती अडवते. मग ओल भिंतीतून वर चढत राहते आणि क्षार गिलाव्याआड साचून दगडाचा पृष्ठभाग फोडतात. माजघरातील शेणाची जमीन काढून फरशी बसवली असेल, तर जमिनीतली ओलही भिंतीकडेच वळते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

म्हणून आधी पाण्याची वाट शोधावी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातून भिंतीला वाचवते ती कौलांची लांब वळचण. स्लॅब टाकताना ही वळचण बहुधा तोकडी होते, शिवाय मातीच्या दर्जांच्या (चिऱ्यांमधील सांध्यांच्या) जुन्या भिंतींवर मोठा भार येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या भागातील कितीतरी घरांची कौले उडाली, त्यामुळे लोकांना स्लॅब हवासा वाटतो, हे मी समजू शकतो. परंतु त्यावर उपाय आहे: वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळींतील कौले तारेने त्यांच्याखालच्या रिपांना बांधावीत आणि वासे भिंतीवरील पाटाला, म्हणजे आडव्या लाकडाला, पक्के जखडावेत. जोत्याभोवती साठलेली माती उपसून पागोळ्यांच्या पाण्याला उतार द्यावा. आमच्या घरची निम्मी ओल एवढ्यानेच गेली.

गिलाव्यासाठी आम्ही चुना महिनाभर पाण्यात भिजवून ठेवला, एका भागास तीन भाग नदीची वाळू घेतली (खाडीची वाळू खारट असते, ती अजिबात नको) आणि पातळ थर देऊन प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली सावकाश वाळू दिला. जिथे चिऱ्यांच्या दर्जा मोकळ्या झाल्या होत्या, तिथेही चुनाच भरला. खांबाचा तळ कुजला असेल तर अख्खा खांब बदलू नये. कुजका भाग कापून तेथे जुन्या, मुरलेल्या लाकडाचा तुकडा जाणता सुतार सांध्याने बसवून देतो.

हे काम दिवाळीनंतर सुरू करून शिमग्यापर्यंत संपवावे, म्हणजे पावसाआधी चुना पुरता घट्ट होतो. यंदा माजघराची फक्त पश्चिमेची भिंत करून पाहावी, आणि एक पावसाळा तिच्यावरून गेल्यावर बाकीच्या भिंतींना हात घालावा.