छोट्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, पण वायफाय दिसतच नाही. कोणता डोंगल घेऊ?

डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं वायफायचं यंत्र, लगेच घेऊ नका. आधी आत वायफायचं कार्ड कोणतं आहे ते बघा. तेवढंही न बघता "लिनक्सवर वायफाय चालत नाही" म्हणून मोकळे होणारे लोक मला परभणीत ढिगानं भेटलेत, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो.

माझी भाची जिंतूरची. नांदेडला तिचा नंबर लागला तेव्हा भाऊजींनी तिला एक जुना, छोटा लॅपटॉप घेऊन दिला. रॅम २ जीबी, विंडोज सुरू होईपर्यंत चहा व्हायचा. मी त्यावर विंडोजच्या जागी मिंट या फुकट प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली, मशीन पळायला लागलं. वायफाय मात्र राउटरला खेटून बसलं तरच लागायचं, मधल्या खोलीत गेलं की गायब. भाऊजींनी लॅपटॉप उचलून दुकानात नेला. दुकानदारानं न उघडताच सांगितलं, कार्ड गेलंय, नवीन बसवा आणि विंडोज टाकून घ्या. भाऊजी मला फोनवर म्हणाले, "फुकटच्या वस्तूचं असंच असतंय." ते मला फार लागलं.

रविवारी जिंतूर गाठलं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एलएसपीसीआय -एनएनके' दिलं (आत बसवलेल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा), तर कार्ड निघालं रिअलटेक आरटीएल८७२३बीई, ते चालवणारा ड्रायव्हरही व्यवस्थित लागलेला. मग मागचं झाकण काढलं. कार्डावर अँटेनाची पितळी टोकं दोन, पण वायर एकच, काळी, एका टोकाला लावलेली. दुसरं टोक उघडं. पैसे वाचवायला कंपन्या असं करतात. वायर कोणत्या टोकाला आहे याची नोंद कार्डातच असते आणि ड्रायव्हर तिच्यावर विसंबतो. इथं ती नोंदच चुकीची होती, म्हणजे कार्ड उघड्या टोकावरनं सिग्नल शोधत बसलेलं! ड्रायव्हरच्या सेटिंग ठेवायच्या 'मॉडप्रोब.डी' फोल्डरमध्ये एक फाइल केली, त्यात एकच ओळ: 'ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२'. रीस्टार्ट केलं. मधल्या खोलीत विशीत घुटमळणारा सिग्नल सत्तरच्या वर गेला. कार्ड तेच, वायर तीच, खर्च शून्य. लेकरानं त्याच दिवशी गच्चीवर बसून व्हिडिओ बघितले.

तुमचं वायफाय दिसतच नाही, म्हणजे दुखणं बहुधा वेगळं आहे. 'एलएसपीसीआय'च्या यादीत वायफाय कार्डाच्या ओळीत १४ई४ हा कंपनीचा आकडा असेल तर कार्ड ब्रॉडकॉमचं. अँड्रॉइड फोन केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं. मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाका. १०ईसी असेल तर रिअलटेक. त्यातलं ८८२१सीई असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.९ किंवा त्यापुढचं लागतं, म्हणून जुनं मिंट असेल तर नवं टाका.

त्या दुकानदारासारखे लोक गिऱ्हाइकाला घाबरवून विंडोज विकतात, हे माझं स्पष्ट मत आहे. आणि भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका: त्या ड्रायव्हरमध्ये अँटेना बदलायची सोय कुणीतरी उघडपणे लिहून ठेवली होती, म्हणून पोरीचा लॅपटॉप वाचला. वस्तू फुकट आहे म्हणून तिच्यामागची मेहनत हलकी होत नाही.

हो, एक राहिलं. सिक्युअर बूट (मान्यता नसलेला ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाकूनही लोड होत नाही. टाकताना पासवर्ड विचारतो तो लक्षात ठेवा आणि रीस्टार्टला निळा पडदा आला की तिथं द्या, नाहीतर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा. टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' देऊन वायफाय ब्लॉक तर दिसत नाही ना, तेही बघा. आणि 'एलएसपीसीआय' व 'एलएसयूएसबी' (यूएसबीवर जोडलेल्या वस्तूंची यादी) दोन्हीत कार्डाचा पत्ताच नसेल, तर मात्र डोंगल घ्या. मीडियाटेक एमटी७६१०यू किंवा एमटी७६१२यू चिपचा घ्या, त्यांचा ड्रायव्हर २०१८ च्या ४.१९ पासून कर्नलमध्येच आहे.