दीड वर्षाच्या दंगेखोर लॅब्राडोरला घेऊन पुण्याहून दापोली-गुहागर गाडीने जमेल का?

जमेल की. तुम्ही लिहिलंय कुत्रा बत्तीस किलोचा, गाडी हॅचबॅक, आणि घरचे म्हणतायत बोर्डिंगला ठेवा. आमचा बंड्या पण लॅबच, वजनाने काकणभर जास्तच, आणि कोकणात तो आमच्यासोबतच येतो, त्यामुळे माझं मत कुठल्या बाजूला ते कळलंच असेल. फक्त ट्रिप त्याच्या तंत्राने आखायची, आपली जेवणं आणि मुक्काम त्यात बसवायचे.

गाडीत आपोआप झोपेल असं लोक सांगतात, तसलं काही नसतं, दमवल्याशिवाय झोपत नाही. पहाटे निघायच्या आधी अर्धा-पाऊण तास फिरवा, पळवायची गरज नाही, नुसतं मनसोक्त हुंगू द्या, प्रत्येक खांब, प्रत्येक झुडूप, हुंगण्याने त्याचं डोकं दमतं आणि मग ताम्हिणी घाट लागेपर्यंत साहेब आडवे. जेवण आदल्या रात्रीच उरकायचं, सकाळी फक्त थोडं पाणी, कारण घाटात भरल्या पोटी हमखास ओकतो. ओकारीसाठी माणसांची गोळी नको, डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. आणि पोचल्यावर भांडंभर खायला घालून लगेच बीचवर पळवू नका, मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून त्याला पीळ बसू शकतो, त्यात ऑपरेशनशिवाय जीव वाचत नाही आणि रात्रीच्या वेळी तिथे कुठे धावणार.

मागची सीट पूर्ण त्याची. सीटबेल्टला अडकवायची पट्टी हार्नेसलाच लावा, गळ्यातल्या पट्ट्याला अजिबात नाही, करकचून ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर येतो. काच चार बोटंच खाली, डोकं बाहेर काढलेला फोटो छान येतो पण डोळ्यात खडी उडते. आणि "पाच मिनिटात मिसळ खाऊन येतो" म्हणून गाडीत बंद करून जाऊ नका, बाहेर तीस डिग्री असलं तर आत दहा मिनिटात चाळीसच्या आसपास होतं, त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकणं हाच त्याचा अंग थंड करायचा मुख्य मार्ग. आळीपाळीने खा. दर दोन तासांनी थांबा, पण टपरीवर नको, तिथे गावातली चार-पाच कुत्री असतातच आणि मग सगळा चहा बोंबलतो. मोकळं शेत, बंद शाळेचं मैदान बघा, दार उघडायच्या आधी दोरी हातात.

दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट फेरीबोट आहे, गुहागरला जायचा मोठा वळसा वाचतो. बोट हलली की गाडीतून उतरून वारा खायचा मोह होतो, पण त्याला गाडीतच राहू द्या, सोबत कोणीतरी बसा. बंड्या एकदा उतरला तर लोखंडी डेकवर नखं घसरायला लागली, चार पाय चार दिशांना, त्यात पलीकडे फळी खाली आपटल्याचा खणखणाट झाला तसा तो सरळ एका आजोबांच्या टोपलीमागे जाऊन बसला. दुपारी तो पत्रा तापलेला पण असतो.

होमस्टेवाले "पेट चालेल" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर पॉमेरियन असतो. फोनवर स्पष्ट विचारा: अंगणात कोंबड्या मोकळ्या असतात का, मांजर आहे का, खोलीत झोपू देणार की बाहेर बांधायला लावणार. कोंबड्या असतील तर मी सरळ दुसरं घर बघतो. त्याची घरची चादर न धुता न्या, ओळखीच्या वासावर नव्या जागेत लवकर स्थिरावतो.

समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, उलट्या-जुलाब ठरलेले, आपली बाटली जवळ ठेवा आणि मधेमधे पाजा. रापणीच्या जाळ्यातून फेकलेला केंड मासा किनाऱ्यावर पडलेला दिसला तर कुत्र्याला लांबूनच मागे ओढा, तो मासा विषारी असतो. हिवाळा-उन्हाळ्यात आंजर्ले, वेळास, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात, तिथे कुत्रा दोरीवरच, वाळू उकरायची हौस तिथे नको. पावसाळ्यात जाणार असाल तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची) लस झालीय का ते आधी बघा आणि डबक्यातलं पाणी टाळा, रेबीजची लस तर हवीच.

परत आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे गोचिड शोधा, नंतरच्या दोन-तीन आठवड्यात खाणं सोडलं, ताप आला किंवा हिरड्या फिकट दिसल्या तर डॉक्टरांना कोकणात गेलो होतो हे सांगून गोचिडतापासाठी रक्त तपासून घ्या.