वाचकांचे प्रश्न : गिटारमधला सिलेक्टर स्विच आणि आतली जोडणी

नवरात्र महिनाभरावर आले की बडोद्यात गरब्याच्या ऑर्केस्ट्रांच्या तालमी सुरू होतात आणि या सदराकडे इलेक्ट्रिक गिटारविषयीची पत्रे एकदम वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : नवा पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारा भाग) घ्यावा का? त्यांतली चार पत्रे इथे घेतली आहेत. या चारही ठिकाणी उत्तर पिकअपमध्ये नसून कोणता पिकअप वाजेल हे ठरवणाऱ्या स्विचमध्ये आणि त्याच्यामागच्या चार-सहा तारांमध्ये आहे, हे मला मुद्दाम सांगायचे आहे.

प्रश्न : मी दांडिया बाजारात राहतो आणि तीन वर्षांपासून एका गरबा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. माझी गिटार फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची आहे. मैदानावर हमिंग (सततची गुणगुण) फार येते. मात्र स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी नेला की ते जवळजवळ नाहीसे होते आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या जागी पुन्हा सुरू होते. आमचे साउंडवाले म्हणतात की स्विच गेला आहे. स्विच बदलावा की पिकअप?

उत्तर : दोन्हीही बदलू नका. आपण वर्णन केले आहे तो बिघाड नव्हे. जोडणी जशी असायला हवी तशीच आहे. कोणत्या जागी आवाज जातो हे आपण इतके नेमके लिहिले आहे की गिटार न उघडताही एवढे सांगता येते.

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेल्या अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. गिटारची पोलादी तार त्यावर थरथरली की वेढ्यांत वीज उमटते आणि तीच पुढे अँप्लिफायरमध्ये स्वर होते. परंतु मंचामागचा ट्रान्सफॉर्मर आणि वीज वाहून नेणाऱ्या जाड केबल यांचे चुंबकीय क्षेत्रही त्याच वेढ्यांमधून जाते आणि आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेची गुणगुण त्यात मिसळते. आता एक बारकावा नीट लक्षात घ्यावा, कारण तो उमगला की निम्मे वायरिंग समजते. स्वराची दिशा दोन गोष्टींवर ठरते : वेढे कोणत्या बाजूने घातले आहेत आणि चुंबकाचे कोणते टोक वर आहे. गुणगुण मात्र बाहेरून येते, तिचा पिकअपच्या चुंबकाशी संबंध नसतो, म्हणून तिची दिशा केवळ वेढ्यांवर ठरते. मधल्या पिकअपचे वेढेही उलटे आणि चुंबकही उलटा ठेवला, तर स्वर दोनदा उलटून पुन्हा सरळ होतो आणि गुणगुण एकदाच उलटते. असा पिकअप शेजारच्या पिकअपबरोबर वाजला की दोन्ही स्वर एकमेकांत मिळतात आणि दोन्ही गुणगुणी एकमेकींना खोडून टाकतात. दुसऱ्या आणि चौथ्या जागी नेमके हेच घडते. उरलेल्या तीन जागी एकेक पिकअप एकटा असतो, त्याची गुणगुण खोडायला कोणी नसते.

या मधल्या दोन जागांचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. 1954 साली स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिच्यावर तीनच जागांचा स्विच होता. वादकांनी त्याचा दांडा दोन जागांच्या मध्ये अडकवून पाहिला, दोन पिकअप एकदम वाजले, आणि तो किणकिणता, थोडा पोकळ आवाज लोकांना इतका आवडला की 1977 पासून फेंडरने पाच जागांचा स्विच मुळातच बसवायला सुरुवात केली. त्या पहिल्या गिटारींमध्ये मधला पिकअप उलटा नव्हता. त्यामुळे आवाज मिळत असे, पण हमिंग जात नसे.

मैदानावर आपण एक चाचणी अवश्य करावी. स्विच पहिल्या जागी ठेवा, आवाज पूर्ण उघडा आणि गिटार हातात धरून उभ्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला हमिंग लक्षणीय कमी झाले, तर ते चुंबकीय आहे. आतून तांब्याची पट्टी चिकटवली तरी ते जाणार नाही. उभे राहण्याची जागा आणि दिशा बदलणे, वीजपुरवठ्याच्या पेटीपासून लांब सरकणे आणि साथीच्या वेळी दुसऱ्या किंवा चौथ्या जागी वाजवणे, हेच खरे उपाय आहेत. याउलट वाजवायच्या तारांना हात लावताच आवाज कमी होत असेल, तर तो विद्युत क्षेत्रातून येणारा बझ आहे. त्याला आतल्या पोकळीत तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंडला (सर्किटच्या सामाईक, अर्थच्या बाजूला) जोडल्याने उतार पडतो. हात लावून काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिजला (तारा टेकतात त्या धातूच्या भागाला) जोडलेली ग्राउंडची तार तुटली आहे का ते पाहावे. आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तत्काळ वाजवणे थांबवून इलेक्ट्रिशियनकडून मंचाचे अर्थिंग तपासून घ्यावे. हमिंग घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो जिवावर बेतू शकतो, तसे कोणालाही करू देऊ नये.

ज्यांच्या गिटारमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या जागीही तेवढेच हमिंग येते, त्यांनी मधल्या पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करण्याचा मोह आवरावा. चुंबक तोच ठेवून नुसत्या तारा उलटल्या तर हमिंग जाईल, पण स्वरही बराचसा खोडला जाईल आणि उरेल तो नाकातून आल्यासारखा, बारीक आवाज. याला आउट ऑफ फेज म्हणतात. काहींना तो मुद्दाम हवा असतो. ‘क्वीन’ या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या गिटारवर तीन पिकअपसाठी तीन चालू-बंदचे आणि तीन फेजचे, म्हणजे पिकअपची दिशा उलटणारे, असे सहा सरकते स्विच आहेत. आपल्याला तो नको असेल तर साधे होकायंत्र घेऊन तिन्ही पिकअपवर धरून पाहावे. सुईचे जे टोक बाकी दोन पिकअपकडे ओढले जाते तेच मधल्याकडेही ओढले गेले, तर तो पिकअप उलट्या चुंबकाचा नाही. या एकाच परिस्थितीत मधला पिकअप बदलण्याचा विचार करता येईल.

स्विचवर संशय असेल तर मल्टिमीटरला विचारावे. गिटारमध्ये केबल खोचून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकचे टोक आणि बाही (टोकामागचा धातूचा भाग) यांवर मीटरच्या दोन काड्या लावाव्यात. साधारण 6 किलोओमचे पिकअप आणि 250 किलोओमचा पॉट (व्हॉल्यूमचे बटण फिरवते तो भाग) असेल, तर एकट्या पिकअपच्या जागी 5.9 च्या आसपास आकडा येतो आणि दोन पिकअपच्या जागी 3 च्या आसपास, कारण तिथे दोघे समांतर जोडलेले असतात. पाचही जागी असे आकडे आले तर स्विच निर्दोष आहे. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी अष्टमीच्या आदल्या रात्री एक गिटार माझ्याकडे आली, तिचा नेककडचा (मानेकडचा) पिकअप मुका झाला होता. पिकअपच गेला असे मी घाईने ठरवले, दुसरा बसवला, आणि तोही मुकाच राहिला. दोष स्विचच्या एका पायावरच्या सोल्डरमध्ये होता. वरून ठीक दिसणारा तो सांधा आतून धरलाच नव्हता. तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय मी सोल्डरिंग आयर्न तापवत नाही.

प्रश्न : मी फतेगंजमध्ये राहते आणि महाविद्यालयात शिकते. माझ्या लेस पॉलसारख्या गिटारवर दोन हंबकर आहेत. गणेशोत्सवात भावगीतांच्या साथीला त्यांचा आवाज फार जाड वाटला. पुश-पुल पॉट (दांडा ओढून स्विचसारखाही वापरता येतो असा) लावला की हंबकर सिंगल कॉइल होतो असे ऐकले. ते करावे का?

उत्तर : करता येईल, पण प्रथम पॉटमागचे झाकण उघडून पिकअपमधून किती तारा येतात ते मोजा. हंबकरमध्ये शेजारी शेजारी दोन कॉइल असतात, एकमेकींच्या उलट वेढ्यांच्या आणि उलट चुंबकाच्या, आणि त्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग, जोडलेल्या असतात. गुणगुण खोडण्याची वर सांगितलेली युक्ती इथे एकाच पिकअपच्या पोटात बसवलेली असते. केबलमध्ये एकच तार आणि भोवती जाळी असेल, तर दोन कॉइलमधला सांधा पिकअपच्या आत बंद आहे. तो बाहेर काढायला पिकअप उघडावा लागेल आणि ते नवख्या हातांचे काम नाही. चार रंगीत तारा आणि एक उघडी तार असेल, तर वाट मोकळी आहे.

चार तारांच्या बाबतीत रंगांवर विसंबू नका. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी तार मुख्य असते, लाल आणि पांढरी यांची जोडी म्हणजे कॉइलमधला सांधा. डिमार्झिओमध्ये लाल तार मुख्य असते आणि सांधा काळ्या-पांढऱ्याचा असतो. म्हणजे एकीकडची सांध्याची लाल तार दुसरीकडे मुख्य आहे. आपल्या पिकअपच्या कंपनीचा तक्ता समोर ठेवूनच कामाला लागावे.

आता मुख्य सल्ला. कॉइल स्प्लिट म्हणजे तो मधला सांधा ग्राउंडला जोडून एक कॉइल बाद करणे. आवाज पातळ आणि स्वच्छ होतो, पण त्याची ताकदही घटते आणि हमिंग परत येते, कारण खोडणारी जोडीदारीण बाद झालेली असते. भावगीताला गायकाच्या श्वासांमध्ये शांतता लागते. तिथे ही गुणगुण फार बोचेल. म्हणून मी आपल्याला दोन्ही कॉइल समांतर जोडण्याचा पर्याय सुचवीन. पुश-पुल पॉटच्या बुडाशी सहा पायांचा दुहेरी स्विच असतो, त्यावर ही जोडणी सहज बसते. प्रत्येक कॉइल 4 किलोओमची असेल, तर सिरीजमध्ये मीटर 8 दाखवील, स्प्लिटमध्ये 4 आणि समांतर जोडणीत 2. आवाज स्प्लिटइतका नाही तरी त्याच्या जवळपास मोकळा होतो, आणि हमिंग मात्र खोडलेलेच राहते. पॉट 500 किलोओमचा घ्यावा. 250 चा घेतला तर हंबकरची वरची धार मावळेल. पुश-पुल पॉट नेहमीच्या पॉटपेक्षा खोल असतो, तेव्हा विकत घेण्यापूर्वी पोकळीची खोली मोजावी आणि दांड्याची लांबीही पाहावी, कारण अशा गिटारींचे वरचे लाकूड जाड असते.

त्याआधी एक बिनखर्चाचा प्रयोग करून पाहा : नेककडच्या पिकअपची उंची दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून थोडी कमी करा. कित्येकदा जाडपणाची तक्रार तेवढ्यानेच मिटते.

प्रश्न : माझ्याकडे टेलिकास्टरच्या घडणीची गिटार आहे. तिच्या तीन जागांऐवजी चार जागांचा स्विच लावल्याने काय मिळते? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : दोन्ही पिकअप सिरीजमध्ये वाजवण्याची जागा मिळते. नेहमीच्या मधल्या जागी ते समांतर असतात, आवाज झळझळीत असतो. चौथ्या जागी ते एकामागोमाग जोडले जाऊन आवाज मोठा आणि भरदार होतो. एकट्याने धून वाजवताना ही जागा फार उपयोगी पडते आणि एवढ्या थोड्या खर्चात इतका बदल दुसऱ्या कशाने होत नाही, असे माझे मत आहे.

एक अडचण मात्र आधीच सोडवावी लागते. नेककडच्या पिकअपवर धातूचे आवरण असते आणि ते बहुधा पिकअपच्या ग्राउंडच्या तारेलाच जोडलेले असते. सिरीजमध्ये ही तार ग्राउंडवर राहत नाही, त्यामुळे आवरणाला बोट लागले की गुणगुण उठते. म्हणून आवरणाचा तो छोटा दुवा कापून आवरणासाठी वेगळी तार थेट ग्राउंडला न्यावी. पिकअपच्या वेढ्यांची तार केसाहून बारीक असते. तिला धक्का लागला तर पिकअप गेलाच, तेव्हा दुवा कापताना हात स्थिर ठेवावा.

प्रश्न : पावसाळ्यानंतर स्विच हलवला की करकर होते आणि कधी कधी आवाजच जातो. तेल घालावे का?

उत्तर : शिलाई यंत्राचे किंवा खोबरेल तेल मुळीच घालू नये, त्यावर धूळ बसून त्रास वाढतो. चार महिन्यांच्या दमट हवेत धातूच्या पट्ट्यांवर पापुद्रा चढतो. गिटारची केबल काढून ठेवा, इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर स्विचच्या पट्ट्यांवर थोडा फवारा आणि दांडा वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. उघड्या घडणीच्या स्विचमध्ये पट्ट्या डोळ्यांना दिसतात आणि हा उपाय बहुधा लागू पडतो. स्वस्त गिटारींत प्लास्टिकच्या डबीतला बंद स्विच असतो, त्याचे आठ पाय एका ओळीत असतात आणि आत फवारा नीट पोहोचत नाही. तो बदलावा लागला तर नव्या स्विचच्या पायांचा क्रम जुन्यासारखाच असेल असे गृहीत धरू नका, मीटरने प्रत्येक जागी कोणते पाय जुळतात ते तपासा. जुन्या स्विचची पहिली तार सोडवण्यापूर्वी मोबाइलवर जवळून दोन-तीन छायाचित्रे घ्या आणि कोणत्या पायाला कोणत्या रंगाची तार आहे ते कागदावरही काढून ठेवा, कारण छायाचित्रात एका तारेमागे दुसरी लपते.