वर्गात प्रत्येक मुलाची गरज वेगळी असेल तर ऑनलाइन माहिती तपासायला कसं शिकवायचं?
फॉरवर्ड सगळ्यांना एकच द्या, पद्धत ज्याची त्याला. मी ते युनेस्कोने जन गण मनला जगातलं बेस्ट राष्ट्रगीत ठरवलं वालं घेते, युनेस्कोने असं कधी ठरवलेलंच नाहीये पण घरच्या ग्रुपवर अजून फिरतं म्हणून मुलं लगेच कामाला लागतात. वाचायला जड जातं त्याला बोलून सर्च करू द्या, दिसत नाही त्याला एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून द्या, फुकट आहे आणि मराठीपण वाचतं. प्रश्न मात्र सगळ्यांना तेच, कोण म्हणालं, कधी, युनेस्कोच्या स्वतःच्या साइटवर आहे का? आणि प्लीज इथे शुद्धलेखनाचे मार्क कापू नका, डिस्लेक्सिया असलेलं मूल खोटं बरोबर पकडतं पण लिहायला घाबरतं, त्याला तोंडी सांगू द्या ना.