मुलगी तोंडाला ‘बोका’ म्हणते, गोंधळली तर नाही ना?

साडेचार वर्षांच्या लेकीला घेऊन एक आई आली, तेव्हा दुसऱ्या हातात एक वही होती. वहीत साठेक स्पॅनिश शब्द, प्रत्येकापुढे बरोबरची खूण नाहीतर फुली.

“मॅडम, हौसेनं घरी हिला स्पॅनिश शिकवायला सुरू केलं. आता ही मांजराला गातो म्हणते, तोंडाला बोका. परवा सगळ्यांसमोर विचारलं, ‘आई, गातोच्या बोक्यात काय आहे?’ सगळे हसले. हिचं मराठी बिघडलं का हो?”

स्पॅनिशमध्ये गातो म्हणजे मांजर आणि बोका म्हणजे तोंड, त्यामुळे आपल्या कानांना गंमत वाटणारच. पण मी आईला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मुलीनं ‘बोका’चं ‘बोक्यात’ केलं होतं, अगदी ‘डोक्यात’सारखं. शब्द परका, पण प्रत्यय, क्रम, प्रश्न सगळं मराठी. मराठी बिघडलेल्या मुलीला हे जमलं नसतं.

मी माझ्या ओठांवर बोट ठेवून तिला विचारलं, “हे काय?” ती म्हणाली, “तोंड.” आईनं तसंच बोट ठेवलं, तर “बोका!” कोणाशी कोणती भाषा बोलायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन भाषांत वाढणारी मुलं शब्दांची सरमिसळ करतात. जो शब्द आधी आठवतो तो वापरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मला काळजी वाटली ती वहीची. आईनं ती उघडून “लाल म्हणजे?” विचारलं आणि मुलगी मान खाली घालून मोजा ओढत बसली. पाचच मिनिटांपूर्वी लाल ठोकळा उचलताना ती स्वतःशी ‘रोहो’ पुटपुटली होती. शब्द येत होता, परीक्षा नको होती.

वही बंद करायला सांगितली. जुन्या मोज्याला बटणांचे डोळे शिवून एक बाहुला करा, त्याला फक्त स्पॅनिश येतं असं ठरवा आणि दिवसातून दहाच मिनिटं त्याच्याशी खेळा. बाहुला ‘साल्ता’ म्हणाला की उडी, ‘कोर्रे’ म्हणाला की पळायचं, ‘पारा’ म्हणाला की थांबायचं. मुलीनं बोललंच पाहिजे असं नाही. ऐकून हालचाल करत भाषा शिकवण्याची ही रीत जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांडली. लहानग्यांना ती फार मानवते, हे मी वारंवार पाहिलं आहे.

“पण माझे उच्चार?” स्पॅनिशमध्ये स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. त, द, क तर जवळजवळ आपलेच. अक्षरं वाचून ती ‘होला’ शिकवत होती. तिथला ह मुका असतो, नमस्काराचा शब्द ‘ओला’. म्हणून आधी ऐकायचं, मग म्हणायचं, एवढंच सांगितलं.

एक मात्र स्पष्ट सांगते. मूल दोन वर्षांचं होऊनही कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर दोष दुसऱ्या भाषेवर ढकलून थांबू नका. कान आणि वाचा दोन्ही तपासून घ्या. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरायचे.

महिन्याभरानं आई पुन्हा आली. आदल्या रात्री बाबांनी बाहुल्याला मराठीत विचारलं होतं, “काय रे, झोप आली का?” तर लेक म्हणाली, “बाबा, त्याला मराठी येत नाही. थांबा, मी विचारते.”