ढिगाऱ्याजवळची रक्ततपासणी

प्रश्न : आमचं मदत पथक मुंब्रा-शीळ भागात काम करतं. इमारत कोसळल्यास दबलेल्यांच्या रक्तातलं पोटॅशियम जागेवरच मोजता यावं म्हणून हातात मावणारं यंत्र घेतलं. सरावात एकाच माणसाचं पोटॅशियम आधी ६.४ आणि थोड्या वेळाने ४.३ आलं. यंत्र बिघडलंय का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : यंत्राआधी नमुन्यावर संशय घ्या. बोट पिळून किंवा बारीक सुईतून जोरात ओढून रक्त काढलं की लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं. प्रयोगशाळेत रक्ताची नळी यंत्रात वेगाने फिरवल्यावर वरचा द्रव लालसर दिसतो, चूक तिथेच कळते. या यंत्रात अख्खं रक्त जात असल्याने ती दिसतच नाही.

म्हणून रक्त शिरेतूनच घ्या. दंडाचा पट्टा मिनिटभरात सोडा, मूठ उघडमीट करायला लावू नका. सलाइन चालू असलेला हात टाळा. नळी लिथियम हेपारिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) हवी. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या क्षारातच पोटॅशियम असतं.

दुसरी अडचण तापमानाची. प्रचलित यंत्रं साधारण १६ ते ३० अंशांतच चालतात, आणि मे महिन्यात ठाण्यात उन्हात उभी केलेली गाडी ही मर्यादा सहज ओलांडते. कार्ट्रिज, म्हणजे रक्त घालून यंत्रात बसवायची छोटी डबी, २ ते ८ अंशांत ठेवतात. बर्फाच्या पिशवीला चिकटून गोठली तर ती वाया गेली. वापरण्यापूर्वी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पाकीट ऐनवेळीच फोडा. एकदा बाहेर काढलेली पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका, पाकिटावर तारीख लिहा. बाहेर किती दिवस टिकते ते माहितीपत्रकात असतं.

आणि आकड्यासाठी थांबू नका, हे आम्ही कळकळीने सांगतो. शीळफाट्याला २०१३ मध्ये इमारत कोसळून ७४ जण गेले. अशा ढिगाऱ्यात तासन्‌तास दबलेल्या स्नायूंवरचा भार हटताच पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय थांबू शकतं. स्लॅब उचलण्याआधीच डॉक्टरांच्या सूचनेने सलाइन सुरू व्हायला हवं, प्रौढांना साधारण ताशी एक लिटर. रिंगर लॅक्टेट हा शिरेतून देण्याचा दुसरा द्रव नको, त्यातही पोटॅशियम असतं. ईसीजीत टोकदार उंच टी-लहर (प्रत्येक ठोक्याच्या शेवटी येणारा उंचवटा) दिसली तर यंत्राने काहीही दाखवलं तरी धोका धरून चाला.

प्रश्न : पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला. तिसऱ्या दिवशी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) किट निगेटिव्ह. निश्चिंत राहावं का?
– एक वाचक, दिवा

उत्तर : नाही. ही किट प्रतिपिंडं शोधते आणि ती साधारण पाचव्या दिवसानंतर तयार होतात. पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आजच सांगा, उपचार लांबवू नका.