मुंज, सोलर आणि सहा लाखांची ठेव

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय. त्या अनुदानित शाळेत शिक्षिका आहेत, यजमान खासगी कंपनीत. दोघांचा मिळून 92 हजार पगार हातात येतो आणि घरखर्च 58 हजारांवर जातो. घर सासऱ्यांनी बांधलेलं, वर मोकळी गच्ची. मुलगा सात वर्षांचा, मुलगी पाच महिन्यांची. बँकेत 6 लाख 20 हजारांची ठेव आहे, डोक्यावर कर्ज नाही. पाच वर्षांपासून ओला कचरा घरातच जिरवणाऱ्या, भाजीला डबे घेऊन जाणाऱ्या या बाई.

येत्या वैशाखात मुलाची मुंज आहे. सासूबाईंना ती कार्यालयात हवी, साडेतीनशे पानं उठली पाहिजेत. अंदाज सव्वातीन लाखांचा. ताईंना घरच्या घरी चाळीस माणसांत करायची आहे. उरलेल्या पैशांत गच्चीवर सोलर, 2019 ची पेट्रोल गाडी देऊन इलेक्ट्रिक गाडी, आणि मुलीच्या नावे एखादा ‘ग्रीन’ फंड, असा बेत आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, “पर्यावरणाच्या नादात मी मुलांचे पैसे उडवतेय असं घरात सगळ्यांना वाटतं. खरंच उडवतेय का?”

नाही उडवत, ताई. पण गाडी घेतलीत तर उडवाल. म्हणून आधी गाडीचंच बोलते.

शोरूमने तुम्हाला साडेबारा लाखांचा भाव दिलाय. जुन्या गाडीचे साडेतीन लाख येतील, एक लाख ठेवीतून घालाल, उरलेल्या आठ लाखांचं सात वर्षांचं कर्ज. 9 टक्क्यांनी त्याचा हप्ता 12,900 च्या आसपास बसतो. आता वाचणार किती? तुमची गाडी महिन्याला 600 किलोमीटर पळते, म्हणजे 40 लिटर पेट्रोल, चार हजारांच्या थोडं वर. तेवढंच अंतर इलेक्ट्रिक गाडी साधारण 85 युनिटांत कापेल आणि त्याचं वीजबिल हजार-अकराशे येईल. महिना तीन हजार वाचवायला तेरा हजारांचा हप्ता. शाळेत मुलांना हे गणित घातलंत तर तेही हसतील. आणि शोरूममधल्या मुलाने कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची करसवलत सांगितली असेल, तर ती आयकराच्या 80 ईईबी कलमाची सवलत 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. हे तो मुलगा कधीच सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, पैशाचं जाऊ दे, धूर तर कमी होईल. तोही हिशेब मांडू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा तुमचे महिन्याचे 92 किलो. आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो. 85 युनिटांचे 60 किलो झाले. म्हणजे महिन्याला 32 किलोंची बचत, वर्षाला चारशे किलोही नाही. पेट्रोल शुद्ध करताना होणारा धूर यात धरलेला नाही, तसा बॅटरी बनवतानाचाही धरलेला नाही. रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणारा माणूस असता तर माझं उत्तर वेगळं असतं. तुमची सहा-सात वर्षांची धडधाकट गाडी आणखी सहा वर्षं वापरणं हेच सध्या सगळ्यात स्वस्त आहे, आणि तुमच्या मनासारखंही.

गच्चीचा हिशेब मात्र मला फार आवडला.

तुमची बिलं पाहिली. महिन्याला सरासरी 250 युनिट, 2,800 च्या घरात बिल. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 पासून 300 पर्यंत दर जवळपास दुप्पट. सोलर बसवलं की आधी वरची महाग युनिटं कापली जातात, फायदा तिथे आहे. एक किलोवॉटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतात. दोन किलोवॉटचे महिन्याला 240 झाले. तुमची गरज तिथेच भागते.

मग विक्रेता तीन किलोवॉट का म्हणतोय? कारण पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार अनुदान आहे, तीन किलोवॉटला 78 हजार. ‘सरकार जास्तीत जास्त देतंय, सोडायचं कशाला’ हे वाक्य ऐकायला गोड लागतं. पण तुमच्याकडच्या दोन कोटेशनांत तीन किलोवॉटचे 1 लाख 95 हजार आणि दोनचे 1 लाख 35 हजार आहेत. अनुदान वजा जाता 1 लाख 17 हजार आणि 75 हजार. वरच्या 42 हजारांत मिळणार काय? वर्षाला तेराशे युनिटं जास्तीची. ती त्या आर्थिक वर्षात पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण 31 मार्चला उरलेल्यांचे महावितरण जे पैसे देते ते तुम्ही भरता त्या दराच्या पासंगाला पुरत नाहीत. उद्या खरोखर इलेक्ट्रिक गाडी आली तर तिसरा किलोवॉट कामाचा. आज नाही.

दोन किलोवॉटचे 75 हजार घालून महिन्याला अडीच हजार वाचले, तर अडीच वर्षांत पैसे वसूल. ठेवीवर सात टक्के मिळाले तरी त्यावर कर आहे. वाचलेल्या बिलावर कर नाही. आणि धूर? 240 युनिटांमागे 168 किलो, वर्षाला दोन टन. गाडीच्या पाचपट, तेही गाडीच्या तुलनेत चिल्लरीत.

दोन-तीन गोष्टी मात्र आधीच सांगते. अनुदान यंत्रणा बसून, तपासणी होऊन, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागल्यावर खात्यात येतं. आधी पूर्ण 1 लाख 35 हजार तुम्हालाच मोजायचे आहेत. पॅनलमधले सौर सेल देशात बनलेले नसतील तर अनुदान नाही, तेव्हा कोटेशनवर तसं लिहून घ्या. पॅनल पंचवीस वर्षं टिकतील, पण इन्व्हर्टर दहा वर्षांच्या आसपास बदलावा लागेल, त्याचे पंचवीस-तीस हजार डोक्यात ठेवा. आणि पॅनलवरची धूळ दर आठ-पंधरा दिवसांनी पुसायची आहे. सांगलीच्या उन्हाळ्यात पहाटे, पॅनल तापायच्या आत.

तुम्ही गच्चीचा फोटो पाठवलाय म्हणून हे दिसलं: पश्चिमेला शेजारच्या अंगणातल्या नारळाची सावली तीननंतर अर्ध्या गच्चीवर येते. विक्रेता म्हणाला, झाड काढून टाका. पॅनलसाठी झाड तोडायचं, हे तुम्ही ऐकूनही घेतलंत याचं मला आश्चर्य वाटलं! शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याने पालिकेची परवानगी लागते, ते सोडाच. जिन्याच्या खोलीवरचं छत मोकळं आहे आणि दक्षिणेला तोंड करून तिथे चार पॅनल मावतील असं फोटोत तरी वाटतंय. विक्रेत्याला दुपारी चार वाजता गच्चीवर बोलवा आणि सावली कुठे पडते ते खडूने आखून घ्या. स्टँडचे चार-पाच हजार वाढले तर वाढू देत.

आता मुंज. इथे मी तुमच्या बाजूने पूर्ण नाही.

सासूबाईंचं एक वाक्य तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, “तीस वर्षं सगळ्यांकडे जेवलो, आता आपल्याकडे कोणी यायचंच नाही का?” हा हट्ट नाही, ताई. त्यांच्या वहीत हे देणं आहे, आणि ते आपल्या ताळेबंदात दिसत नाही म्हणून खोटं ठरत नाही. चाळीस माणसांत मुंज केलीत तर पैसे वाचतील, पण पुढची दहा वर्षं घरात प्रत्येक सोलर पॅनलला टोमणा बसेल. त्यांच्याशी बसून यादी करा: ज्यांच्या घरी आपण जेवलो तीच माणसं. माझा अनुभव असा की साडेतीनशेची यादी अशाने एकशे वीस-तीसवर येते, कारण उरलेले बहुतेक ‘बोलवायला हवं’ या सदरातले असतात. देवळाचं छोटं सभागृह, केळीची पानं, पाण्याला भाड्याचे स्टीलचे पेले, पत्रिका फोनवर आणि फक्त वडीलधाऱ्यांना छापील. मातृभोजन, भिक्षावळ सगळं यथासांग. आचाऱ्याला पानं आणि पेल्यांचं आधी बजावा. थर्माकोलच्या ताटल्यांवर 2018 पासून राज्यात बंदी आहे, तरी ऐन वेळी कोपऱ्यात त्यांचा गठ्ठा निघतोच. हे सगळं एक लाख दहा हजारांत बसायला हवं.

एकच विनंती, ‘पर्यावरणपूरक’ भेटवस्तूंच्या नादी लागू नका. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला मी साठ बांबूचे टूथब्रश वाटले होते, एकेक ज्यूटच्या थैलीत घालून, वर सुतळीची गाठ. साडेसात हजार गेले. दोन वर्षांनी चुलतजावेच्या माळ्यावर त्यातले चौदा तसेच सापडले, गाठीसकट. ‘कृपया आहेर आणू नये’ एवढी ओळ पत्रिकेत पुरे, आणि आपणही काही देऊ नये.

डायपरचंही तुम्ही विचारलंय. दिवसा दुपटी-लंगोट आणि रात्री एक डायपर वापरलंत तर काही पाप लागत नाही. शाळेत सकाळी सातला उभं राहायचंय तुम्हाला. पाळणा जावेकडून आणलात हे उत्तम.

मुलीच्या नावे ग्रीन फंड घेणार असाल तर आधी त्यात काय आहे ते उघडून पाहा. आपल्याकडच्या ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार पाहून शेअर निवडणाऱ्या) फंडांच्या पहिल्या दहा शेअरांत मोठ्या खासगी बँका आणि आयटी कंपन्याच भेटतात, कारण त्यांच्या कचेऱ्यांतून धूर निघत नाही. बँक कर्ज कोणत्या कारखान्याला देते हा प्रश्न वेगळा. फंड वाईट असतो असं नाही, पण मुलासाठी तुमची दहा हजारांची इंडेक्स फंडातली एसआयपी चालू आहे, त्यात जवळपास हीच नावं आहेत. तीच वस्तू जास्त खर्चाने दुसऱ्या वेष्टनात कशाला?

तिच्यासाठी पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं काढा. जानेवारी 2024 पासूनच्या 8.2 टक्के दराने महिना तीन हजार पंधरा वर्षं भरले, तर एकविसाव्या वर्षी साडेसोळा लाखांच्या आसपास होतात. सरकार दर तिमाहीला आढावा घेतं, त्यामुळे दर बदलू शकतो, पण व्याज करमुक्त आहे. नव्या करप्रणालीत असाल तर भरलेल्या रकमेवर 80 सी म्हणून ओळखली जाणारी करवजावट मिळणार नाही, एवढं लक्षात असू द्या. आणि पैसे 5 तारखेच्या आत भरा. व्याज 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर धरतात. वीजबिलातून वाचलेले अडीच हजार आणि वरचे पाचशे, दर महिन्याच्या 3 तारखेला, बस.

तुमच्या पत्रात एक शब्द कुठेच नव्हता तो म्हणजे टर्म विमा, कमावता माणूस गेला तरच घरच्यांना मोठी रक्कम देणारा. यजमानांची एक जुनी मनीबॅक पॉलिसी आहे, पाच लाखांची. दोन लहान मुलं, खासगी नोकरी, आणि संरक्षण पाच लाखांचं! सोलरच्याही आधी हे करा. एक कोटीचा टर्म विमा त्यांच्या वयाला, सिगारेट नसेल तर, वर्षाला पंधरा हजारांच्या आतबाहेर येईल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. वैद्यकीय तपासणीचा पर्याय द्या म्हणावं, टाळाटाळ नको.

तेव्हा 6 लाख 20 हजारांतले साडेतीन लाख सहा महिन्यांच्या खर्चाचे म्हणून अजिबात हलवायचे नाहीत. उरले 2 लाख 70 हजार. त्यातून सोलरचे 75 हजार, मुंजीचे 1 लाख 10 हजार, विम्याचा पहिला हप्ता, आणि तरी सत्तर हजार शिल्लक. फक्त क्रम सांभाळा: सोलरचे 1 लाख 35 हजार आत्ता जातील आणि 60 हजार परत यायला वेळ लागेल, म्हणून कामाला आताच लागा, मुंजीच्या तोंडावर नको.

अजून एक. वीजजोडणी सासऱ्यांच्या नावावर आहे. योजनेचा अर्ज ज्याच्या नावे जोडणी त्याच्याच नावे करावा लागतो आणि अनुदानही त्यांच्याच खात्यात येईल. तुम्ही त्यांच्याशी अजून बोललेला नाहीत असं दिसतंय. मुंजीच्या यादीला सासूबाईंबरोबर बसाल तेव्हाच त्यांनाही बसवून घ्या, आणि बसताना गेल्या बारा महिन्यांची बिलं बरोबर घ्या.